शब्दचर्चा: "५० टक्क्यांवर २० टक्के सूट" यातल्या 'वर'चा अर्थ नेमका काय?

मागच्या रविवारी आईला घेऊन लक्ष्मी रोडला गेले होते, भाच्याच्या मुंजीसाठी साड्या बघायला. एका दुकानात दारातच बोर्ड लावलेला, "५० टक्क्यांवर २० टक्के सूट". आईने एक जांभळी साडी पसंत केली, चिठ्ठीवर ४,००० छापलेले. आईने तिथल्या तिथे हिशोब केला, पन्नास आणि वीस सत्तर, म्हणजे अठ्ठावीसशे सुटले, द्यायचे बाराशे. पर्समधून बाराशे मोजून हातात धरून ती काउंटरला उभी, आणि बिल आलं सोळाशेचं. काउंटरवरचा मुलगा चांगल्या शब्दांत म्हणाला, "काकू, पन्नास गेल्यावर उरलेल्यावर वीस." हिशोब त्याचा बरोबरच आहे, ४,००० चे निम्मे २,०००, त्यावर वीस टक्के म्हणजे ४००, राहिले १,६००. म्हणजे एकूण सूट ६० टक्के, ७० नाही. पण आई परत चारशे काढताना जी ओशाळली ते मला अजून डोळ्यासमोरून जात नाही, तिला वाटलं आपल्यालाच गणित येत नाही. आणि मला ठामपणे वाटतंय की आई चुकली नाही, बोर्डावरची मराठी चुकली.

कारण बघा, मराठीत आकड्यापुढे 'वर' लावला की आपण बेरीजच करतो. शंभरावर पाच म्हणजे एकशे पाच. साठावर दोन वर्षं झाली म्हणजे बासष्ट. मग पन्नासवर वीस म्हणजे सत्तर का नाही? दुकानदाराच्या मनातला 'वर' वेगळा, व्याजाचा 'वर', म्हणजे कशावर आकारायचं तो. दहा हजारांवर आठ टक्के व्याज म्हणतो ना, तसला. पण तोही लावला तर वीस टक्के 'पन्नास टक्क्यांवर' नाहीयेत, पन्नास टक्के गेल्यावर जी किंमत राहते तिच्यावर आहेत, आणि ती 'राहिलेली किंमत' बोर्डावर कुठेच नाही. (पन्नास टक्क्यांचा हिशोब होता म्हणून राहिलेलंही निम्मंच आलं. ४० टक्क्यांवर २० असतं तर उरलेले साठ, त्याचे वीस टक्के बारा, एकूण ५२.)

तर प्रश्न असा की हे थोडक्यात आणि स्पष्ट मराठीत कसं लिहायचं? आणि सूट, सवलत, वटाव, कसर या शब्दांत तुम्ही काय फरक करता?

प्रतिसाद:

तुमच्या आईंचं वाचन बरोबर आहे असंच मी म्हणेन. 'वर'चा आणखी एक घोळ सांगतो, "५,००० वर १० टक्के सूट". याचा अर्थ पाच हजारांच्या पुढे खरेदी गेली तरच सूट, की पाच हजारांच्या वर जेवढे जातील तेवढ्यावरच सूट? सात हजारांची खरेदी केली तर पहिल्या अर्थाने ७०० सुटतात, दुसऱ्या अर्थाने २००. बिल होईपर्यंत कळत नाही. "किमान ५,००० च्या खरेदीवर" असं लिहिलं की अर्धा गोंधळ संपतो, "संपूर्ण बिलावर" जोडलं की पूर्ण संपतो.

आणि "दोनवर एक फ्री" तर सगळीकडे असतं. इथे 'वर' शुद्ध बेरजेचा आहे, दोन घ्या वर एक घ्या. तीन वस्तू, दोनचे पैसे, म्हणजे सूट ३३ टक्क्यांच्या जरा वर. लोक घाईत पन्नास टक्के समजतात कारण दोनाला एक म्हणजे निम्मं असं डोक्यात येतं. निम्मं फक्त एकावर एकला. शिवाय तीन कुर्ते लागत नसतील तर तिसऱ्याचा उपयोग काय हे ज्याचं त्याने ठरवावं.

प्रतिसाद:

सूट आणि सवलत माझ्या कानाला एक नाहीत. सवलत मुळात अरबीतून आलेली, सहूलत म्हणजे सोय, सुलभता. ती माणसाला मिळते. ज्येष्ठांना सवलत, विद्यार्थ्यांना सवलत, २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत. इथे कोणी 'सूट' म्हटलं तरी कळेल पण तोंडात सवलतच येतं. सूट मात्र सुटणे मधली, किमतीतून जेवढा तुकडा सुटला तो. म्हणून साडीवर सूट, भांड्यांवर सूट. हप्त्यांची 'सवलत' म्हणतात त्यात तर एक रुपयाही कमी होत नाही कधीकधी, फक्त द्यायची सोय असते, आणि लोक स्वस्त पडलं समजून घेतात, त्यामुळे हा फरक नुसता शब्दांचा नाहीये.

पुस्तकांकडे 'प्रकाशनपूर्व सवलत' ठरलेला शब्द आहे, वेळेत पैसे भरणाऱ्या वाचकाला दिलेली सोय म्हणून तो मला बरोबर वाटतो. पण अप्पा बळवंत चौकात काउंटरला उभं राहून कोणी 'सवलत' विचारत नाही, "टक्के किती देणार?" एवढंच.

आठवीच्या गणितात धड्याचं नावच 'सूट व कमिशन' आहे, आणि तिथे 'छापील किंमत' शब्द वापरलाय. तो दुकानात वापरायला हवा. 'मूळ किंमत' लिहितात त्यातून कळत नाही की दुकानदाराला पडलेली किंमत की आपल्याला सांगितलेली.

प्रतिसाद:

वटाव आमच्या घरात होता. आजोबांचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं, घाऊक व्यापाऱ्याला रोख पैसे दिले की बिलातून जे कमी व्हायचं तो वटाव, आणि गिऱ्हाईकाला जे सोडलं ती सूट, हे दोन शब्द ते कधी एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. हुंडी वटवणे, चेक वटणे यातला वट तोच. बिल ४९७ झालं आणि ४९५ घेतले तर ते दोन रुपये 'कसर' म्हणून लिहायचे.

टक्केसुद्धा ते म्हणायचे नाहीत, "रुपयाला दोन आणे सोडले" म्हणायचे. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे दोन आणे साडेबारा टक्के, चार आणे पंचवीस. १९५७ मध्ये नवे पैसे आले तरी त्यांचं डोकं आण्यातच चालायचं. आणि पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, पाठ असल्यामुळे पंचवीस टक्के सूट असली की ते सूट काढायचेच नाहीत, सरळ किंमत सांगायचे. पंचवीस सुटले म्हणजे पाऊणपट उरलं, ८४० चे पाऊणपट ६३०, संपलं. मी अजून दुकानात असंच करतो, किती सुटलं ते न बघता किती उरलं ते बघायचं. तुमच्या साडीचं पण तसंच, निम्म्याचे ऐंशी टक्के म्हणजे चाळीस, चार हजारांचे चाळीस टक्के सोळाशे. वीस आधी काढून पन्नास नंतर काढले तरी तेच.

वाकडा आकडा असला तर दहा टक्के काढून घ्यायचे. १,४९० वर ३५ टक्के, दहा टक्के १४९, तीनदा ४४७, पाच टक्क्यांचे साडेचौऱ्याहत्तर, मिळून ५२१.५०, द्यायचे ९६८.५०.

मूळ लेखिका:

सगळ्यांचे मनापासून आभार. "उरलं किती" वरून मला शब्द सापडला असं वाटतंय. आपल्याकडे हिशोबात 'वजा जाता' आहे, "५० टक्के वजा जाता उरलेल्या किमतीवर २० टक्के" हे चोख आहे पण बोर्डावर मावत नाही. त्यापेक्षा "आधी ५०, मग उरलेल्यावर २० टक्के, एकूण ६०" हे एका ओळीत बसतं आणि 'मग'मुळे क्रम कळतो.

"फ्लॅट ५० टक्के सूट" असं लिहितात त्यातल्या 'फ्लॅट'ला मी 'सरसकट' वापरते. आणि "७० टक्क्यांपर्यंत" मधला 'पर्यंत' निदान आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरात असावा, आकडा हाताएवढा आणि 'पर्यंत' मुंगीएवढा हे मला अजिबात पटत नाही.

आईला माझा प्रश्न आणि तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. शंभरावर पाचचं उदाहरण तिने दोनदा वाचायला लावलं. मुंजीला तीच जांभळी नेसणार आहे.