आठ महिन्यांचं बाळ, छातीत घरघर : रात्री थांबायचं की निघायचं?

मुलगी आठ महिन्यांची आहे, पूर्ण दिवसांची, वजन चांगलं. आधी नाक गळायला लागलं, मग खोकला, आणि आता पाठीवर हात ठेवला की घरघर हाताला लागते. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं. ब्रॉन्किओलायटिस आहे, म्हणजे बारीक श्वासनळ्यांना सूज, विषाणूमुळे होतो, अँटिबायोटिकचा उपयोग नाही म्हणाले. नाकात सलाइनचे थेंब आणि ताप आला तर पॅरासिटामॉल, एवढंच दिलंय. दिवसा मला ते पटतं. रात्री ती खोकता खोकता प्यायलेलं दूध ओकते, पोट भराभर उडताना दिसतं आणि माझा धीर सुटतो.

आम्ही हिंगणघाटला राहतो, नवऱ्याची रात्रपाळी असते. सासूबाई म्हणतात डबा (छातीत कफ भरून धाप लागणं) झालाय, ओव्याची धुरी देऊ, नाकात कोमट तेल सोडू. मेडिकलवाला कफ सिरप देतो म्हणाला, पण विषारी कफ सिरपने आजारी पडलेली छिंदवाड्याची लेकरं नागपुरात उपचारांना आणली होती तेव्हापासून मला त्या बाटलीची धास्तीच आहे. श्वास नक्की कसा मोजायचा? काय दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही? औषधाची वाफ देणारं यंत्र, नेब्युलायझर, घेऊन ठेवू का?

शेवंती :
ताई, मी बालरुग्ण विभागात सिस्टर होते. बाळ शांत असताना किंवा झोपेत झबलं वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, तान्ह्यांचा श्वास एकसारखा नसतो. रडल्यावर किंवा तापात आकडा वाढतो, म्हणून ताप उतरला की पुन्हा मोजा. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास जलद. शांत असतानाही ५० किंवा त्याच्या वर राहिला तर दाखवायलाच हवं.

पण आकड्यापेक्षा छाती बघा. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जातोय, नाकपुड्या फुलतात, प्रत्येक श्वासाला कण्हते, ओठ-जीभ निळसर दिसते, मध्येच श्वास थांबतो, अंगावर ओढत नाही, मरगळून पडते : यातलं एकही दिसलं तर रात्री किती वाजलेत ते बघू नका. १०८ ला फोन करा. शू नेहमीच्या निम्म्याहून कमी झाली तरी त्याच रात्री दाखवा.

हा आजार बहुतेकदा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर धरतो, मग ओसरतो. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो, त्याने घाबरू नका. पाजण्याआधी नाकात थेंब टाकून नाक मोकळं करा आणि थोडं थोडं पण वरचेवर पाजा.

धुरी नकोच. आधीच सुजलेल्या बारीक श्वासनळ्यांना धूर फार त्रास देतो. तेल फुप्फुसात उतरलं तर वेगळाच न्यूमोनिया होतो. सासूबाईंना दुखावू नका, बाळाला उभं धरून बसायचं काम त्यांच्याकडे द्या. ती मदत खरंच मोठी असते.

नदीकाठ :
सिरप घेतलं नाहीत ते उत्तम. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेच सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत. मधही वर्षाच्या आत नाही. नेब्युलायझर स्वतःहून आणू नका. दम्यात गुण देणारं औषध ब्रॉन्किओलायटिसमध्ये सहसा काम करत नाही. पुढे पुन्हा पुन्हा घरघर झाली तर डॉक्टर सांगतील. श्वासाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ शांत झालेलं असतं.

धागाकर्ती :
दोघांचे मनापासून आभार. आत्ता झोपेत मोजला, ४४ आला. छाती ओढत नाहीये, दूधही घेतलं. व्हिडिओ काढलाय, सकाळी दाखवते. नवव्या महिन्याचा न्यूमोनियाचा डोस जवळ आलाय, खोकला असताना देतात का?

शेवंती :
साध्या सर्दी-खोकल्यासाठी लस थांबवत नाहीत. जोराचा ताप किंवा धाप असेल तर बरं वाटल्यावर देतात. पीसीव्हीचा, म्हणजे न्यूमोनियाच्या लशीचा, तो बूस्टर चुकवू नका, गोवरचा पहिला डोसही तेव्हाच असतो. कार्ड सकाळी सोबत न्या आणि डॉक्टरांकडून तारीख पक्की करून घ्या.