'ड्वार्फ'साठी 'यक्ष' चालेल का?

भाचीला रोज रात्री टॉल्किनचं 'द हॉबिट' तोंडी मराठी करून सांगतेय. पहिल्याच प्रकरणात तेरा ड्वार्फ, म्हणजे ठेंगण्या, दाढीवाल्या जमातीतले लोक, दारात येऊन उभे राहतात आणि माझं अडतं. 'बुटके' म्हटलं की ती खुदकन हसते. हे तर घरदार गमावलेले मानी लोक. 'वामन' म्हणावं तर पाठोपाठ बळीराजा आलाच. 'यक्ष' कसा वाटतो?

*

'यक्ष' घ्याच. मीही आधी हा शब्द एल्फसाठी, म्हणजे टॉल्किनच्याच गोष्टीतल्या देखण्या, दीर्घायुषी जमातीसाठी, राखून ठेवला होता, मेघदूतातल्या विरही यक्षामुळे. पण पितळखोऱ्याच्या लेण्यांतला यक्ष पाहिलात का? सध्या तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणा, ढेरपोट्या, दोन्ही हातांनी डोक्यावर वाडगं धरलेला, चेहरा हसरा. आणि त्याच्या हातावर प्राकृतात कोरलंय की हा कण्हदास सोनाराने केला! यक्ष म्हणजे कुबेराची माणसं, ठेव्याचे राखणदार. तिकडे ड्वार्फ डोंगराच्या पोटात राहणारे, सोन्याचे कारागीर, वडिलोपार्जित खजिन्यापायी जीव द्यायला निघालेले. याहून जवळचा शब्द मला तरी दिसत नाही.

शिवाय टॉल्किननेही हेच केलं. थोरिन, द्वालिन, बोंबुर ही त्याच्या ड्वार्फांची नावं 'व्होलुस्पा' या जुन्या नॉर्स काव्यातल्या ड्वार्फांच्या यादीतली. गोष्टीतल्या जादूगाराचं गँडाल्फ हे नावसुद्धा तिथलंच, म्हणजे मूळचं ड्वार्फाचं. पात्रं त्याने कल्पनेतून उभी केली, पण नावं वारशाने आलेली घेतली. मग आपणही आपल्या वारशातला शब्द का घेऊ नये?

*

पटलं. मग एल्फना 'गंधर्व' म्हणू?

*

नको. मराठी कानाला गंधर्व म्हटलं की बालगंधर्व आणि सवाई गंधर्वच ऐकू येतात. 'परी' म्हटलं तर पंख फुटतात. 'एल्फ'च राहू द्या, मुलं दोन दिवसांत रुळतात.

*

काल 'तेरा यक्ष' म्हणून सांगितलं. अजिबात हसली नाही. पण लगेच विचारलं, "हे पण पांडवांना विचारले तसे प्रश्न विचारणार?" यक्षप्रश्न मी विसरलेच होते! आता पुढे अंधाऱ्या तळ्याकाठी गॉलम नावाचा विचित्र प्राणी नायकाला कोडी घालतो, उत्तर चुकलं तर खाईन म्हणतो. तळं तेच, जिवावरचे प्रश्नही तेच. ती गॉलमलाच यक्ष समजेल. त्या प्रकरणाआधी काय सांगून ठेवू?