मदत हवी आहे: पोटात नळी आहे, घरच्यांसोबत जेवायला कसं बसता?

नमस्कार. जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि मग रेडिएशन झाल्यापासून मी पेग ट्यूबवर आहे, म्हणजे पोटाला भोक पाडून थेट जठरात बसवलेली नळी. पातळ अन्न, म्हणजे फीड, तिच्यातूनच घेते. गिळलेलं श्वासनलिकेत उतरतं, म्हणून तोंडाने सध्या पाणीही बंद. आधी नाकातली राईल्स ट्यूब होती, त्यापेक्षा ही कितीतरी बरी. चेहरा मोकळा राहतो, कपड्यांखाली दिसत नाही. या नळीनेच मला जगवलंय. पण रोजच्या बारीकसारीक गोष्टींनी जीव मेटाकुटीला येतो, आणि घरात बोलले की सगळ्यांचे चेहरे उतरतात. म्हणून इथे लिहितेय.

नळी तुंबते. माझी २० फ्रेंचची आहे, म्हणजे बाहेरून सात मिलिमीटरसुद्धा नाही. नाचणीची पेज गरम असते तोवर पातळ, आणि गार झाली की खळीसारखी. फीडच्या आधी आणि नंतर ३० मिली कोमट पाणी सोडते. गोळ्यांची पूड एकेक करून वेगळी देते, ज्या कुटायच्या नसतात त्यांच्याऐवजी डॉक्टरांनी सिरप दिलंय. तरीही मधूनच अडकतं, मग कोमट पाणी सिरिंजने हळूहळू आत-बाहेर करत बसायचं.

भोकाभोवती लालसर मऊ मांस आलंय, ते ओलं राहतं आणि गाऊनला डाग पडतात. डॉक्टरांना दाखवलंय, ग्रॅन्युलेशन म्हणाले, उपचार चालू आहेत. रात्री डोकं उंच ठेवून झोपायचं, तेही जमत नाही. आयुष्यभर पालथं झोपायची सवय.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. घरात माझ्यासमोर कोणी जेवत नाही. सासूबाई फोडणी द्यायच्या आधी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतात. अहो बाहेरून खाऊन येतात आणि भूक नाही म्हणतात. लेक ताट घेऊन आतल्या खोलीत जाते. सगळे मायेपोटीच करतात, मला कळतं. पण हिंगाचा, कढीपत्त्याचा वास मला हवा असतो. कधी त्या वासाने डोळ्यांत पाणी येतं, तरीही हवा असतो. अन्न तोंडाने जात नाही म्हणून मी पंगतीतून का उठावं?

उलट पाहुणे येतात ते म्हणतात, "चमचाभर वरण द्या की, काही होत नाही." त्या चमच्याने न्यूमोनिया होऊ शकतो, हे किती जणांना समजावायचं?

गणपती जवळ आलेत. मोदक मीच वळणार आहे, हात धड आहेत माझे. नैवेद्यानंतर सगळ्यांसोबत बसायचंही आहे. तुमच्यापैकी कोणी सगळ्यांमध्ये बसून फीड घेतं का? घरच्यांना कसं सांगितलंत? लग्नकार्यात काय करता?

प्रतिसाद

ताई, माझ्या बाबांना अर्धांगवायूनंतर पेग आहे. नाचणीला मोड आणून, वाळवून मग दळा. त्या पिठाची पेज गार झाली तरी फारशी घट्ट होत नाही. बारीक गाळणीने गाळून घ्या. डाएटिशियनला एकदा विचारा मात्र.

जेवणाचं म्हणाल तर आम्ही बाबांच्या फीडची वेळच आमच्या जेवणावर आणली. आई पानं वाढते आणि तेव्हाच सिरिंज भरते. सुरुवातीला कोणाच्याच घशाखाली घास उतरेना. मग बाबांनीच पाटीवर लिहून विचारलं, "आज भाजी कसली?" आईने ती चिडून सांगितली, कारण रोज हाच प्रश्न ते पूर्वीही विचारायचे. त्या दिवसापासून सगळे नीट जेवू लागले. तुम्हीच सासूबाईंना सांगा, दार उघडं ठेवा म्हणून. त्या विचारायला घाबरत असतील.

मूळ लेखिका

मनापासून आभार. वेळ जुळवायचं डोक्यातच आलं नव्हतं. माझं दुपारचं फीड अकराला आणि घरचे जेवतात एकला. वेळ पुढे ढकलता येईल का, ते डाएटिशियनला विचारते. सासूबाईंशी आजच बोलते. पालथं झोपायची सवय कोणी मोडली असेल तर तेवढं सांगा, उशा कशा लावता?