स्मरणिकेत ‘पळाला’ छापायचं की नाही?

डिचोलीकर
बेळगावात आमचं बोर्डिंग होतं तिथे आता दुकानगाळे उभे आहेत. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आम्ही उरलेले सात-आठ म्हातारे मिळून एक स्मरणिका काढतोय. १९५० ते १९६१ या काळात तिथे राहिलेल्या आणि आता हयात नसलेल्या प्रत्येक मुलाला एक पान. बहुतेक सगळे गोव्याचे. पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, राज्यात देवळाच्या पडवीत मराठी चार यत्ता व्हायच्या, पुढे पणजीचं लिसेव, म्हणजे हायस्कूल, पोर्तुगीजमधून. पोराने मराठी-इंग्रजी शिकावं असं ज्या बापाला वाटे, तो त्याला ट्रंकेसकट घाटावर धाडून मोकळा होई.

हजेरीची एक वही हाती लागली आहे. नाव, गाव, ट्रंकेचा नंबर, भरलेली फी. त्यात ४१ नंबरची ट्रंक गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका मुलाची. सप्टेंबर १९५५ मध्ये त्याच्या नावापुढे तांबड्या शाईत लिहिलंय : ‘पळाला. नाव कमी.’ तो गेल्याला दहा-बारा वर्षं झाली. त्याच्या पानावर ही ओळ जशीच्या तशी छापावी असं माझं म्हणणं. बाकीचे नको म्हणतात. तुमचं काय मत?

निवृत्त मास्तर
डिचोलीकर, मेल्या माणसाचं उणं काढू नये एवढं तरी आपण पाळू या. स्मरणिका म्हणजे पंचनामा नव्हे. घरची माणसं ती देवाच्या फळीवर ठेवतील, नातवंडांना दाखवतील. सांगण्यासारखं थोडं आहे का? गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या, तेव्हा त्यांत शिकवायला उभे राहिले ते कोण? अशा बोर्डिंगांतून शिकून आलेलीच कितीतरी पोरं. मी त्यातल्याच एकाच्या हाताखाली पाढे शिकलो. ते लिहा. पळालेल्याचं नाव-गाव-जन्म-मृत्यू द्या आणि पुढच्या पानावर जा.

कोनाड्यातलं ताट
मास्तर, राग मानू नका, पण तुमच्या या ‘सांगण्यासारखं’नेच सगळा घोटाळा केलाय. माझे बाबा त्याच सुमारास बेळगावात दुसऱ्या एका बोर्डिंगात होते. पंगत उठली की जेवायचे, आपलं ताट आपण घासायचे आणि ते मागच्या दाराबाहेरच्या कोनाड्यात उपडं घालायचे. आतल्या मांडणीवर ठेवायची मुभा नव्हती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी कॉलेजच्या होस्टेलला निघालो त्या दिवशी. त्यांच्या संस्थेनेही स्मरणिका काढली. बाबांबद्दल दोन शब्द आहेत : ‘नम्र, कष्टाळू’. नम्र! बाहेर उभं राहणाऱ्याला दुसरं काय म्हणणार.

निवृत्त मास्तर
वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तो काळच तसा होता.

कोनाड्यातलं ताट
काळावर ढकलू नका. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना हात घातला, जातवार का होईना. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सगळ्या जातींची मुलं एका बोर्डिंगात आणली, एका पंगतीला बसवली. गांधीजींनी १९२७ मध्ये त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. आणि त्यानंतर पाव शतक उलटून गेल्यावर बेळगावात माझ्या बाबांचं ताट कोनाड्यात. सातारा काही परमुलखात नव्हता.

नवोदयवाली
मी बऱ्याच नंतरची, नवोदयात, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, शिकलेली. सहावी ते बारावी, आणि नववीत काही जणांना वर्षभर परराज्यातल्या नवोदयात पाठवत, त्यात मी होते. मास्तरांचं ‘घरच्यांना दाखवायला’ मला पटत नाही ते एवढ्यासाठी, की अकरा ते अठरा ही वर्षं घरच्यांनी आमची पाहिलेलीच नसतात. कोण रात्री उशीत तोंड खुपसून रडायचं, कोणाला पहिली दाढी कोणी करून दिली, हे खोलीतल्या मुलांनाच ठाऊक. आमच्या वर्गातला एकजण बाईकच्या अपघातात गेला. त्याच्या घरी भिंतीवर फोटो आहे तो लग्नातल्या कोटातला. आमच्या ग्रुपवर त्याचा नंबर अजून आहे, काढायला कोणाचं बोट उचलत नाही. त्याला सगळे ‘पेज’ म्हणायचे, कारण तिकडच्या रोजच्या पोळ्यांना कंटाळून तो उकड्या तांदळाच्या पेजेचं नाव काढी. त्याच्या आईला हे माहीतच नव्हतं, सांगितल्यावर हसली आणि मग आत निघून गेली. तेव्हा माझं मत : छापा. सोबत्यांचाही हक्क आहे.

भाटकार नव्हे
घरच्यांना न विचारता? उद्या कोर्टात खेचलं तर सात-आठ म्हातारे वकील कुठून आणणार? (मस्करी, पण अर्धीच.)

वाळपयची भाची
मी इथे कधी लिहीत नाही. पण ४१ नंबर माझा मामा.

पत्र्याची ट्रंक आमच्या माळ्यावर आहे, झाकणावर पांढऱ्या रंगात ४१. चारचा पाय थोडा ओघळलाय. लहानपणी आम्ही तो आकडा बोटाने गिरवायचो.

मामाला अख्खा वाडा ‘मॅट्रिक मामा’ म्हणायचा. बेळगावला मॅट्रिक झालो असं तो आयुष्यभर सांगत आला. मराठी पेपर सोप्यावर बसून मोठ्याने वाचायचा, ऐकायला पाच-सहाजण रोज. १९७५ मध्ये मुंडकारांचा, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्यांचा, कायदा आला, तेव्हा आसपासच्या गावांतले लोक कागद घेऊन त्याच्याकडे येत. तो अर्ज लिहून द्यायचा, एक पैसा घेत नसे. घेतलं तर नारळ. अक्षर मोत्यासारखं. भाटकाराच्या माणसाने एकदा टोमणा मारला, ‘मॅट्रिकचा दाखला दाखव तरी’, तेव्हा मामा म्हणाला, ‘पाखल्यांच्या गडबडीत हरवला.’ आम्हीही तेच सांगत आलो.

आता तुम्ही तांबड्या शाईत ‘पळाला’ छापणार. तारीख बघून कोणीही हिशेब करील, की त्या वर्षी तो बारा वर्षांचा होता. मामी अजून आहे.

निवृत्त मास्तर
हेच सांगत होतो मी. विषय संपला.

कोनाड्यातलं ताट
नाही संपला. ताई, तुमचं दुःख कळतं. पण अर्धवट शिकलेल्या माणसाने एवढ्या लोकांची घरं राखली, हे मॅट्रिकपेक्षा मोठं आहे. ते झाकून ठेवायचं आणि खोटा दाखला शाबूत ठेवायचा?

वाळपयची भाची
दादा, तुम्ही तुमच्या बाबांचं सांगितलंत कारण त्यांनी ते तुम्हाला सांगितलं. मामाने आम्हाला नाही सांगितलं.

नवोदयवाली
माझं वरचं मत थोडं मागे घेते. पूर्ण नाही.

डिचोलीकर
बाय, मी काल रात्रभर हे वाचत बसलो. एक गोष्ट समितीलाही सांगितलेली नाही.

त्या वर्षी १५ ऑगस्टच्या गोवामुक्ती सत्याग्रहात माणसं मारली गेली, त्यानंतर हद्द बंद झाली. गोव्यातलं कुळें ते हद्दीच्या अलीकडचं कॅसलरॉक, ही गाडी थांबली. एरवी सुट्टीत जाताना कॅसलरॉकला एकदा ट्रंक उघडायची, कुळ्याला पाखल्यांसमोर परत उघडायची, आईने दिलेलं फणसाचं साट शिपाई बोटाने दाबून बघायचे. ते सगळं संपलं. आमच्यातल्या बहुतेकांचे पैसे यायचे थांबले. ज्यांची फी थकली त्यांना सुपरिंटेंडंट रात्रीच्या जेवणाला अर्धीच भाकरी द्यायचे. तुझ्या मामाची दोन महिन्यांची थकली होती.

तो निघाला त्या रात्री मी जागा होतो, शेजारचीच गादी. त्याने विचारलं, गोव्यात उतरणारी चोर्ला घाटाची वाट कुठून लागते. मी सांगितली. माझी चादर दिली, कारण त्याची वाळत होती. सकाळी सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा मी म्हणालो, मी झोपलो होतो, पळाला असेल. शब्द माझाच. वहीत त्यांनी तोच लिहिला.

निवृत्त मास्तर
डिचोलीकर...

भाटकार नव्हे
मग तांबड्या ओळीखाली हे छापणार का, स्वतःच्या नावानिशी?

डिचोलीकर
ते मामीला विचारून. ती नको म्हणाली तर पानावर गाव आणि ४१ एवढंच राहील.

वाळपयची भाची
मामी विचारते, चादर कसली होती, निळ्या काठाची का? चवथ झाल्यावर या. ट्रंक माळ्यावरून उतरवायला दोन माणसं लागतील, आत भाताचं बी भरलंय. कॅमेरा आणू नका.