पंच व्हायला पोहणारा असायलाच हवं का?

‘मी स्वतः कधी स्पर्धेत पोहलो नाही, तर पंच कसा होणार?’ या प्रश्नावर माझा अनुभव सांगते. मीही कधी पोहले नाही. इथे न्यू जर्सीत मुलीच्या क्लबला स्ट्रोक अँड टर्न पंच, म्हणजे पोहण्याची पद्धत आणि वळणं नियमात आहेत का ते बघणारे पंच, कमी पडत होते, म्हणून नाव दिलं. यूएसए स्विमिंग या इथल्या राष्ट्रीय संघटनेत हे काम स्वयंसेवकच करतात, त्यात पालक भरपूर. आधी वर्ग, मग ऑनलाइन परीक्षा आणि नंतर अनुभवी पंचाशेजारी उभं राहून शिकायचं. खरं शिक्षण तिथेच होतं.

पहिल्याच दिवशी ब्रेस्टस्ट्रोकच्या वळणावर एका मुलाचा उजवा हात भिंतीला वर लागला, डावा जवळजवळ वीतभर खाली. मी ‘चूक’ म्हणणार, तेवढ्यात शेजारच्या ज्येष्ठ बाईंनी विचारलं, ‘एकाच वेळी लागले ना?’ लागले होते. दोन्ही हात सुटे आणि एकाच वेळी, एवढाच नियम आहे. एका पातळीत हवेत असं कुठेही नाही. शंका असेल तर फायदा पोहणाऱ्याला, हेही त्यांनीच मनावर ठसवलं.

उलट जुन्या पोहणाऱ्यांच्या डोक्यात कधीकधी जुने नियम बसलेले असतात. 2004च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जपानच्या किताजिमाने ब्रेस्टस्ट्रोकमध्ये डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे मारणं) मारली का, यावरून केवढा वाद झाला! पुढच्याच वर्षी फिनाने (तेव्हाची आंतरराष्ट्रीय जलतरण संघटना) ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सुरुवातीला आणि वळणानंतर अशी एकेक किक मान्य केली.

तेव्हा खुशाल नाव द्या. शिकताना दहा वर्षांखालच्या मुलांच्या शर्यती मागून घ्या, तिथे सगळ्या प्रकारची वळणं बघायला मिळतात.