पाणी अडवलं, आता तपासायचं कोण?

वर एकांनी लिहिलंय की पाणलोटाची कामं, म्हणजे पाणी अडवून जमिनीत मुरवायची कामं, झाली की पाणी आपोआप शुद्ध होतं. गाळ कमी होतो, हे मान्य. पण २०१६ च्या पहिल्या वॉटर कपात, म्हणजे गावागावांच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, आपला साताऱ्याचा कोरेगाव तालुका होता, त्यातलं वेळू गाव पहिलं आलं, तेव्हापासून आपल्याकडे सगळी मोजदाद लिटरांची. मुरलेल्या पाण्यात काय आहे, हे ग्रामसभेत कुणी विचारत नाही.

आल्याच्या पिकाला सरीत टाकलेला युरिया पाण्याबरोबर खाली जातो आणि नायट्रेट होऊन विहिरीत येतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. मैल्याचं दूषण मात्र तपासणीच्या तयार एच-टू-एस बाटलीत (आत रसायन असतं) सहज कळतं: तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवा, काळं पडलं की समजा घाण आहे. तपासणी पहिल्या पावसानंतर करा; मार्चमधल्या नितळ पाण्याचे अहवाल फोटोपुरतेच.

पाणी शुद्ध राखायचा आराखडा ग्रामपंचायतीच्या हद्दीवर नको, एका ओढ्याला पाणी देणाऱ्या सगळ्या वाड्या-गावांचा मिळून करा. वरच्या वाडीचं गटार खालच्या गावाच्या विहिरीत उतरत असेल, तर खालच्यांनी एकट्यांनी ठराव करून काय होणार? दोन्ही सरपंचांना एकदा ओढ्याकाठी चालवत न्या. सांडपाणी जिरवायचे शोषखड्डे विहिरीला खेटून आहेत का, तेही तिथेच दिसेल.