वर्गमित्रावर स्मरणलेख लिहायचाय, काय काय घेऊ?

प्रश्न:
आमच्या सिव्हिलच्या बॅचमधला एक मित्र नुकताच गेला. स्नेहमेळाव्यासाठी त्याच्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलंय. ग्रुपवर आठवणी मागितल्या, तर बहुतेकांनी ‘मनमिळाऊ, हसतमुख, परोपकारी’ एवढंच पाठवलं. त्यात खोटं काहीच नाही, पण त्यातून तो डोळ्यांसमोर उभा राहत नाही. आयुष्यभर स्ट्रक्चरल डिझाइन केलं आणि रविवारी गवंडी, सळया बांधणारे फिटर अशा मंडळींना फुकट शिकवलं. नोकरी आणि समाजकार्य असे दोन भाग करू का? पदं, सत्कार वगैरे क्रमाने देऊ?

त्याचा रूम पार्टनर:
पदं दोन ओळींत उरक. त्याच्या रिंगा लिही. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधतात त्या रिंगच्या टोकाचा हूक 90 अंशातच वाकवला, तर मोठ्या भूकंपात बाहेरचं काँक्रीट निखळतं, रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. 135 अंशात आत वळवला, की तो गाभ्यातल्या काँक्रीटमध्ये पक्का बसतो. हे तो तोंडी सांगायचा नाही, प्रत्येकाकडून सळई वाकवून घ्यायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री मला बेंडिंग मोमेंट (तुळईला वाकवणारा भाराचा परिणाम) शिकवली, तीसुद्धा प्लास्टिकची पट्टी माझ्या हातात देऊन. आधी मी होतो, नंतर फिटर आले, शिकवणारा तोच. दोन भाग करूच नकोस.

हाताखाली काम केलेली इंजिनिअर:
काँक्रीट पातळ व्हावं म्हणून कुणी मिक्सरमध्ये जादा पाणी ओतलं, तर सर आवाज चढवायचे नाहीत. तो माल बाजूला काढायला लावायचे, त्यातूनच चाचणीचे क्यूब, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, भरून घ्यायचे. 28 दिवसांनी तो आणि चांगल्या मालाचा क्यूब त्याच माणसासमोर मशीनवर फोडायचे. कोणता किती भाराला फुटला, ते आकडे वाचायलाही त्यालाच लावायचे, म्हणजे जादा पाण्याने ताकद किती घटते ते त्यालाच दिसायचं. हे नक्की लिहा. आणखी एक, रविवारच्या वर्गाचे तक्ते मॅडम, म्हणजे सरांच्या पत्नी, रंगवायच्या. त्यांच्याशी बोलल्याशिवाय लेख पुरा करू नका.

प्रश्नकर्ता:
वहिनींशी आत्ताच बोललो. तक्ते त्यांनी जपून ठेवलेत, मेळाव्यात लावायला देणार आहेत. वर्गाला येणाऱ्या दोन फिटरांचे नंबरही मिळाले. एकजण आता स्वतः पोरांना रिंगा बांधायला शिकवतो म्हणे. आधी त्या दोघांना बोलू देतो, माझा लेख नंतर वाचेन.